कॅरियर काढून वाचलेलं डिझेल

सोमवार, १ तारीख

ही वही गाडीतच राहणार, माझ्या सीटमागच्या कागदांच्या पिशवीत. घरात ठेवायची सोय नाही. घरात माझं म्हणावं असं एक कपाट आहे, पण त्यातही जाऊबाईंच्या जुन्या चादरी ठाण मांडून बसल्यात. गाडी मात्र दिवसभर माझी. सकाळी भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, किल्ली देतात, संध्याकाळी परत घेतात, मधल्या वेळात मी आणि ही खटारा पिकअप. आमचं दुकान बांधकामाचं सामान भाड्याने देतं. शिड्या, परांचीचे पाईप, फळ्या, पाईप जोडायचे क्लॅम्प भरायचे, ज्याचं बांधकाम असेल तिथे टाकायचे, काम संपलं की उचलून आणायचे. मजूर माल उतरवतात तेवढा वेळ मला बसण्याशिवाय काम नसतं, म्हणून लिहितेय; संध्याकाळचं काही उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच तारखेखाली.

दिवसभर माझी म्हटलं खरं, पण त्यातही मेख आहे. गाडीचं किलोमीटरचं मीटर कधीचंच मेलंय. ते दुरुस्त करण्यापेक्षा भाऊजींनी स्वतःची पद्धत काढली. त्यांच्याकडे एक लाकडी काठी आहे, तिच्यावर चाकूने खुणा पाडल्यात. रोज संध्याकाळी टाकीत काठी बुडवायची आणि किती कोरडी आली ते बघायचं. कुठल्या कामाला किती खुणा, हे त्यांना तोंडपाठ. बाजारपेठ दीड खूण, कालव्याकडची घरं दोन खुणा, हायवेवरचं गोदाम तीन. त्यापेक्षा जास्त जळलं की अंगणात उभं करून विचारणार, कुठे हिंडलीस? पंपावर उधारीचं खातं त्यांच्या नावाचं, माझ्या हातात पैसा म्हणून पडत नाही. म्हणजे मी फिरती आहे, पण दावणीला बांधलेली.

आज वही काढली ती यासाठी नाही. सिमेंटच्या दुकानातला हमाल पूर्वी आमच्याकडे होता. त्याने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "ताई, तुमच्या वडिलांना झटका आलाय. उजवी बाजू गेली. हायवेला वजनकाट्याच्या बऱ्याच पुढे ते निराधारांचं घर आहे ना, तिथे आहेत. महिना झाला असेल."

महिना झाला. आणि मी महिनाभर आठवड्यातून दोनदा त्याच हायवेवरून गोदामापर्यंत जाऊन परत फिरत होते.

बाबा आणि भाऊजी एकेकाळी भागीदार होते. एकदा परांचीचा क्लॅम्प ढिला राहिला म्हणून बाबांनी भाऊजींना मजुरांसमोर झापलं. "माणसं मारशील एक दिवस," म्हणाले. झालं, भागीदारी तिथेच मोडली. भाऊजींनी घरात जाहीर केलं, त्या माणसाच्या दारात जो जाईल त्याने परत या दारात येऊ नये. माझा नवरा तिथेच उभा होता. ह्यांचं दादांपुढे बोलणं दोन शब्दांचं असतं, 'हो दादा'. तेव्हाही तेवढंच बोलले.

या दारात यायचं नाही, तर मग जायचं कुठे? बाबाच निराधारांच्या घरात आहेत.

गुरुवार, ४ तारीख

गोदामाशी गाडी फिरवताना दर वेळी पुढच्या रस्त्याकडे बघते. पुढे जायला किती लागेल याचा अंदाज केला. वजनकाटा, मग खाण, मग उतार, मग ते घर. जाऊन यायला दोन खुणा तरी नक्की. दोन खुणा भाऊजींच्या नजरेतून सुटायच्या नाहीत, त्यांना अर्धी खूण झोपेत दिसते.

पण काल एक गंमत झाली. टपावरच्या कॅरियरची पाटी रंगवायची म्हणून भाऊजींनी परवा कॅरियर उतरवलं होतं. हे कॅरियर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. लांब शिड्यांसाठी केलेला लोखंडी सांगाडा, आणि त्याच्या पुढच्या अंगाला दुकानाच्या नावाची ही मोठी पाटी, वाऱ्याला छाती काढून उभी. बाबा तेव्हाच म्हणाले होते, पाटी आडवी झोपवा, वारा धरेल. भाऊजी म्हणाले, झोपलेली पाटी वाचणार कोण? तर काल दिवसभर गाडी बोडकी फिरली. गोदामालाच गेले होते. संध्याकाळी काठी बुडवून भाऊजी खूश. "बघा, फिल्टर बदलला तर कसं ॲव्हरेज वाढलं." फिल्टरने नाही वाढलं. मी चालवत होते, मला माहीत आहे. नेहमी हायवेला लागलं की गाडी कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखी जड होते, काल ती झाली नाही.

म्हणजे कॅरियर डिझेल खातं. आणि त्याने खाल्लेलं डिझेल भाऊजींच्या हिशेबात आधीच धरलेलं आहे. कॅरियर न घालता गेलं तर ते डिझेल माझं, कोणाच्या काठीला न सापडणारं.

सगळा दिवस हसू येत होतं. परीक्षेत चोरून बघायला मिळाल्यासारखं वाटलं.

सोमवार, ८ तारीख

जाऊन आले.

गोदामाच्या अलीकडे पंक्चरवाले काका आहेत. त्यांना म्हटलं, कॅरियर इथे ठेवू का दुपारपर्यंत, आज शिड्या नाहीत, उगाच वारा धरतं. त्यांनी कारण विचारलं नाही. चार नट काढले, दोघांनी उचलून भिंतीला टेकवलं. "हळू चालव," म्हणाले. "जोरात पळवलीस तर कॅरियर असो नसो, वारा आपला हिस्सा घेतोच."

बाबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. इतके लहान झालेत. उजवा हात पांघरुणावर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता. मला ओळखायला वेळ लागला, मग डावा हात वर केला आणि तोंड वाकडं करून एकच शब्द काढला. "आवळलंस?" क्लॅम्पबद्दल विचारत होते. मी म्हटलं, "हो बाबा, सगळे आवळले." मग जी रडले ती रडलेच. तिथल्या मावशींनी पाणी आणून दिलं. त्या म्हणाल्या, रोज विचारतात, जो येईल त्याला विचारतात.

नखं कापली, दाढी केली. परत येऊन कॅरियर चढवलं, नट घट्ट केले. घरी पोचले. जाऊबाईंनी अंगणातच गाठलं. "हात-पाय धू आधी, आणि आत माझी भाजी गॅसवर आहे ती बघ. करपली तर तुझी खैर नाही." आणि स्वतः वाळलेले कपडे काढत बसल्या. चार कपडे काढायला एवढा वेळ कुठल्या बाईला लागतो?

भाऊजी आले, काठी बुडवली, पुसली आणि आत गेले. बरोबर तीन खुणा.

मी स्वतःवर इतकी खूश झाले की जेवताना दोनदा वाढून घेतलं.

गुरुवार, ११ तारीख

पुन्हा गेले. आजही बरोबर तीन. कॅरियर म्हणजे दरोडेखोरच म्हणायचा. इतकी वर्षं एवढं डिझेल नुसतं वाऱ्याला पाजत होतो.

जाऊबाईंचं मात्र काहीतरी बिनसलंय. मी आले की रोज विचारतात, "आज वारा होता का गं रस्त्याला?" यांना कधीपासून हवापाण्याची पडली? मी सांगते, होता किंवा नव्हता, जे तोंडाला येईल ते. पण जपून राहायला हवं. या बाईचे कान भिंतीतून ऐकतात. कोठाराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते तेव्हा सगळं घर तिला विचारून श्वास घेतं.

आज माझ्यावर ओरडल्याही. सगळ्या टॉवेलांना डिझेलचा वास येतोय, म्हणाल्या. "गाडी दोरीच्या इतक्या जवळ का लावतेस?" मी गाडी जिथे लावते तिथेच गेली चार वर्षं लावते. पण थोरलीपुढे बोलायची सोय नाही, म्हणून मुकाट्याने टॉवेल पुन्हा धुतले.

सोमवार, १५ तारीख

बाबांनी आज तीन शब्द सलग म्हटले. "गाडी तूच चालवतेस?" त्यांनीच शिकवली होती, या घरात येण्याआधी, रिकाम्या मैदानात. माझ्या शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवायचे. आज म्हटलं, हो, मीच चालवते. त्यांचा डावा डोळा भरून आला, उजवा तसाच कोरडा.

निघताना मावशी म्हणाल्या, "तुम्ही येता तो दिवस बरा जातो. बाकीचे दिवस भिंतीकडे तोंड करून असतात." आठवड्यातून दोनदा येणं माझ्या हातात आहे, त्यापेक्षा जास्त नाही. हायवेचं ठरलेलं काम सोमवारी आणि गुरुवारी असतं.

एक विचित्र गोष्ट. सकाळी निघताना जाऊबाईंनी एक मऊ ब्लँकेट गाडीत टाकलं. "फाटलंय, वाटेत कुठेतरी देऊन टाक कोणाला." उलगडून पाहिलं तर कुठेच फाटलेलं नाही. आता हिला दानधर्म सुचतोय. मी बाबांना घातलं. कोणालातरी द्यायचंच होतं.

संध्याकाळी चहा गाळता गाळता त्या आपणहून बोलल्या. त्या कधी स्वतःबद्दल बोलत नाहीत. म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा इथे मोठ्या पुलाचं काम चालू होतं. गाडी मोकळी नव्हती." मी "अरेरे" म्हटलं.  त्यांनी विषय तिथेच सोडला आणि मला साखरेचा डबा जागेवर ठेवत नाहीस म्हणून बोलल्या.

शनिवार, २० तारीख

आज घरात मोठा तमाशा झाला आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

काँक्रीटच्या मिक्सरसाठी डिझेलचं एक पिंप कोठारात असतं. भाऊजींनी ते हलवून पाहिलं, निम्म्याला आलेलं. मिक्सर तर महिनाभर बाहेर गेलेला नाही. कोठाराची किल्ली एकट्या जाऊबाईंकडे. भाऊजींनी विचारलं, "कुठे गेलं?" त्या म्हणाल्या, "पिंपाला खाली भोक पडलं होतं, झिरपलं." भाऊजींनी पिंप उलटंपालटं करून बघितलं. भोक नव्हतं. "विकलंस कोणाला?" असं चक्क सगळ्यांसमोर विचारलं. त्या खाली बघत राहिल्या. मग भाऊजींनी हात पुढे केला आणि त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडून त्यांच्या हातावर ठेवल्या.

लग्न होऊन आल्यापासून मी त्या किल्ल्यांचा आवाज ऐकत आलेय. आज संध्याकाळी त्या घरातून फिरत होत्या आणि आवाज नव्हता. चोरी कशासाठी केली असेल? माहेरी कोणी उरलेलं नाही, हौसमौज काही नाही. पण चोरी ती चोरीच. चार वर्षं मला साखर मोजून देणाऱ्या बाईची ही गत, म्हणजे पेरलं ते उगवलं.

हे मात्र रात्री जेवले नाहीत. "वहिनी असं करणार नाहीत," एवढंच म्हणाले, तेही मला एकटीला, दिवा घालवल्यावर. दादांना म्हणायची हिंमत नाही.

सोमवार, २२ तारीख

काहीतरी चुकलंय.

नेहमीसारखीच गेले. काकांकडे कॅरियर काढलं, हळू चालवलं, बाबांना भेटले, परत आले, कॅरियर चढवलं. घरी जाऊबाई दोरीजवळ दिसल्या नाहीत, आत बसून होत्या. माझ्याकडे बघून नुसतं मान हलवल्यासारखं केलं. मला वाटलं किल्ल्यांचा राग.

भाऊजींनी काठी बुडवली. पाच खुणा कोरड्या.

"तीनचं काम," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, ते वाईट. मी म्हटलं, गोदामाशी गाड्यांची रांग होती, इंजिन चालू ठेवून उभी होते. त्यांनी काठी पुसली. "इतका वेळ?" म्हणाले आणि आत गेले.

रस्ता तोच. वारा तोच. कॅरियर काढलेलंच होतं. मग आजपर्यंत पुरलेलं डिझेल आजच कुठे गेलं? टाकीला भोक पडलं का म्हणून खाली झोपून पाहिलं. नाही.

बुधवार, २४ तारीख

काल आणि आज दोन्ही दिवस गोदामाचंच काम होतं, सुट्टं सामान. मी एक युक्ती केली. तुटलेल्या फळीची एक पट्टी घेऊन तिच्यावर भाऊजींसारख्या खुणा पाडल्या. काल कॅरियर घालून गेले, आज काढून गेले. बाकी सगळं तेच, वेगही तोच. दोन्ही दिवस गोदामाच्या मागे उभी राहून पट्टी बुडवली.

फरक निघाला अर्धी खूण. तीही धड नाही.

पंक्चरवाले काकांना दाखवलं. ते म्हणाले, "मग किती वाटलं होतं तुला? वाटेतला वारा वाचतो, इंजिन तर चालतंच ना. अर्ध्या खुणेत वजनकाट्यापर्यंत जाऊन येशील फार तर."

वजनकाट्यापर्यंत. तिथून पुढे खाण आहे, उतार आहे आणि मग बाबा आहेत. तिथून पुढे मला कोणी नेलं?

मी गाडीत बसून राहिले. एकेक गोष्ट आठवत गेली आणि प्रत्येक गोष्टीला अंगाला चटका बसत होता. दोरीवरचे कपडे काढायला लागणारा वेळ. मला आत पाठवणं. टॉवेलांचा वास. "वारा होता का गं?" म्हणजे गेली होतीस का. न फाटलेलं ब्लँकेट. मिक्सरचं पिंप. पुलाचं काम, गाडी मोकळी नव्हती.

आणि मी काय लिहिलंय या वहीत? पेरलं ते उगवलं. ते पान फाडून टाकावंसं वाटलं. फाडलं नाही. असू दे तिथे, मला कळू दे मी कशी आहे ते.

शुक्रवार, २६ तारीख

काल लिहायला झालं नाही. आता लिहिते, दुकानातल्या बाकावर बसून. वही गाडीतून काढून डब्याच्या पिशवीत आणली.

काल सकाळी निघण्याआधी मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "ताई, ते डिझेल तुम्ही घालत होतात."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. "मग काय," म्हणाल्या, "तुला वाटलं चार नट काढून एवढं वाचतं? दात कोरून कुठे पोट भरतं का वेडे?"

"तुम्हाला कसं कळलं मी जाते ते?"

"पहिल्याच दिवशी आलीस ती डोळे सुजवून, आणि चाकांना खाणीची लाल माती. खाणीपुढे कोण आहे ते मलाही कळलं होतं. मी काठी बुडवून बघितली, पाच खुणा कोरड्या. ते यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं, केलं." मग भांडं घासता घासता म्हणाल्या, "आता माझ्याकडे किल्ली नाही. आता जाऊ नकोस."

"तुम्ही का नाही सांगितलं? भाऊजींनी तुम्हाला चोर ठरवलं."

"चोर ठरवून ते मला कुठे पाठवणार? मला जायला जागाच नाही. तुझं तसं नाही, तुला जाऊन भेटायला तिकडे माणूस आहे." एवढंच. आणि मला बाजूला सरकायला सांगितलं, नळ हवा होता.

मी गाडी घेऊन निघाले. काकांकडे थांबलेच नाही. कॅरियर, पाटी, सगळं डोक्यावर घेऊन सरळ गेले, गोदाम, वजनकाटा, खाण. लपवायला काही उरलंच नव्हतं. बाबांचं अंग कोमट होतं, थोडा ताप होता. मावशी म्हणाल्या, काल रात्री दोनदा माझं नाव घेतलं. मी जितका वेळ बसता आलं तितका बसले.

संध्याकाळी भाऊजींनी अंगणात काठी बुडवली. हे तिथेच पाईप रचत होते. साडेपाच खुणा. भाऊजी माझ्याकडे वळले, पण मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई पायरीवरून म्हणाल्या, "मी सकाळी टाकीतून काढलं. स्टोव्हला हवं होतं."

त्यांना आणखी एकदा चोर व्हायचं होतं. माझ्यासाठी. मला ते सहन झालं नाही.

"खोटं आहे," मी म्हटलं. "पिंपातलं डिझेल त्यांनी माझ्या गाडीत घातलं. मी बाबांकडे जाते. आठवड्यातून दोनदा जाते. ते अर्धे गेलेत भाऊजी, उजवी बाजू गेली आहे, आणि येईल त्याला क्लॅम्प आवळला का विचारतात."

 ह्यांच्या हातात पाईप तसाच होता. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता म्हणणार, चालती हो. ते म्हणाले नाहीत. काठी पुसली, मग म्हणाले, "घरातून जा असं मी म्हणणार नाही, लोक हसतील. पण उद्यापासून गाडी हा चालवेल. तू दुकानात बस." आणि हात पुढे केला. जाऊबाईंसमोर केला होता तसाच.

मी किल्ली दिली.

ह्यांच्याकडे पाहिलं. "हो दादा," असं म्हणाले.

आज आम्ही दोघी दुकानातल्या एकाच बाकावर बसून क्लॅम्पांना तेल लावतोय. आधी मी गाडीत कोंडलेली होते, पण निदान काचेतून रस्ता दिसायचा. इथून समोरच्या भिंतीवरची ओल दिसते. जाऊबाईंनी विचारलं, "बोलतात का गं ते काही?" मी सांगितलं, तीन शब्द सलग बोलतात. त्या म्हणाल्या, "बरेच झाले की." मग दोघी पुन्हा तेल लावायला लागलो. गुरुवारी ताप होता. आज उतरला का, हे मला कोण सांगणार?

सोमवार, २९ तारीख

हे सकाळी गोदामाला म्हणून गेले ते दुपारी आले नाहीत. चारला आले नाहीत. भाऊजी दाराशी येरझारा घालत होते, जाऊबाई मला म्हणाल्या, "पंक्चर झालं असेल." संध्याकाळी गाडी आली. चाकांना लाल माती.

भाऊजींनी काठी बुडवलीसुद्धा नाही. "कुठे गेला होतास?"

ह्यांनी घसा खाकरला. मला वाटलं आता 'हो दादा' म्हणतील, तेवढंच येतं त्यांना.

"सासऱ्यांकडे," हे म्हणाले.

 हे अंगणाच्या मधोमध उभे होते, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. मग स्वतःच बोलत सुटले, अडखळत, जमिनीकडे बघत. "ताप उतरलाय. त्यांनी मला ओळखलं नाही आधी. मग ओळखलं. विचारलं, ती का नाही आली. मी खोटं सांगणार होतो, दादा. म्हणणार होतो की तिला बरं नाही. पण नाही जमलं. मी म्हटलं, तिची गाडी काढून घेतली आणि मी बघत उभा राहिलो." मग म्हणाले, "त्यांनी मला काही म्हटलं नाही. माझा हात धरून ठेवला नुसता. डावा हात."

इतक्या वर्षांत दादांपुढे इतकं बोललेले मी ह्यांना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि लाजही वाटली, कारण मी या माणसाला किती कमी लेखलं होतं.

"आवळलं का विचारलं?" भाऊजींनी विचारलं. आवाज फारच हळू होता.

"विचारलं."

भाऊजी आत गेले. जेवणाच्या वेळी आले नाहीत. जाऊबाई ताट घेऊन गेल्या, तर ताट परत आलं.

मंगळवार, ३० तारीख

सकाळी पाणी भरायला उठले तेव्हा गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती. आजवर ती कधी तिथे नसायची, भाऊजींच्या खिशात असायची. ते पायरीवर बसून बूट घालत होते. मला किल्ली दिली नाही, घे म्हणाले नाहीत. पण मी हात लावला तेव्हा मान वर करून बघितलंही नाही, नाडी बांधत राहिले. म्हणाले, "दोन्हीकडचे टायर बघून घे. एक बसलाय." आणि चालत दुकानाकडे निघून गेले.

माफ केलं असं नाही. घर तेच आहे, दोरी तीच. उद्या पुन्हा खिशात जाईल किल्ली, सांगता येत नाही. म्हणून मी वाट बघत बसले नाही. ह्यांना उठवलं, बाबांसाठी डबा भरून घेतला, अंगणात आले.

जाऊबाई गाडीत बसल्या होत्या. पुढच्या सीटवर, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, पिशवी मांडीवर. इतकी वर्षं ही गाडी दारात उभी आहे, पण त्यांना पुढे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दार नीट लागलेलं नव्हतं, आतून कसं ओढायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

मी वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि बाहेरून दार लावलं.